आवाज आला म्हणजे पैसे आले

धरणगावच्या बाजारपेठेत दिवेलागणीच्या वेळी कुठल्याही चालत्या किराणा दुकानापुढे उभं राहा. गिऱ्हाइकांचा गलका, मोटारसायकलींचे हॉर्न, शेजारच्या गाडीवर तळल्या जाणाऱ्या भज्यांचा चुरचुराट, आणि या सगळ्यावर मात करणारा गल्ल्याजवळच्या डबीचा खणखणीत आवाज: पंचेचाळीस रुपये मिळाले, एकशे वीस रुपये मिळाले. दुकानदार मान वर करत नाही. त्याचे हात तूरडाळ जोखण्यात गुंतलेले असतात. आवाजातला आकडा मनातल्या आकड्याशी जुळला, की तो पुडी पुढे सरकवतो. नाही जुळला, तर हात थांबतो. गिऱ्हाइकाच्या फोनच्या पडद्याकडे तो बघत नाही, आणि त्यानं बघूही नये असं माझं ठाम मत आहे. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

मराठी वाचक धरणगाव ओळखतो ते बालकवींचं जन्मगाव म्हणून. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं, कपाशीच्या पट्ट्यातलं हे तालुक्याचं गाव. परदेशातल्या मोठ्या दुकानांत सेल्फ-चेकआउट नावाची जी सोय असते, म्हणजे गिऱ्हाइकानं आपणच बारकोड यंत्रापुढे धरायचा, आपणच पैसे भरायचे आणि पिशवी उचलून चालू लागायचं, ती इथे दिसत नाही. पण तिचा अर्धा भाग कधीच आला आहे. पूर्वी पैसे दुकानदाराच्या हातावर पडायचे. नोट उजेडात धरून बघायची, सुटे परत करायचे, सगळं त्याच्या ताब्यात. आता कोड गिऱ्हाईक स्कॅन करतं, आकडाही तेच टाकतं, ‘झाले’ असंही तेच सांगतं. वसुलीचं काम गिऱ्हाइकाच्या हाती गेलं आहे, आणि ज्या क्षणी ते गेलं त्याच क्षणी जगभरच्या दुकानदारांपुढचा प्रश्न धरणगावातही येऊन उभा राहिला: खरंच दिले का?

यूपीआय सुरू झालं एप्रिल २०१६ मध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांनी पहिल्यांदाच २,००० कोटींचा आकडा ओलांडला. यातले कितीतरी व्यवहार दहा-वीस रुपयांचे, चहाचे, कोथिंबिरीच्या जुडीचे. सुरुवातीच्या काळात दुकानदाराला पुरावा म्हणून मिळायचा तो गिऱ्हाइकाचा फोन. हिरवी खूण दाखवली, की सौदा झाला. फसवणाऱ्यांनी नेमकी हीच फट धरली. कालच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट दाखवायचा, तारीख-वेळ बदललेलं चित्र पुढे करायचं, किंवा खऱ्या ॲपसारखंच दिसणारं बनावट ॲप वापरायचं. त्यात दुकानाचं नाव आणि हवी ती रक्कम टाकली, की यशस्वी व्यवहाराचा पडदा उमटतो आणि पैसा मात्र जागचा हलत नाही. गर्दीच्या वेळी, विशेषतः आठवडे बाजारात, विक्रेत्याला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ नसतो. भाजी घेऊन बसलेल्या आजीबाईंना तर तो पडदा वाचताही येत नाही.

दुसरी तऱ्हा त्याहून धूर्त. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहो इथे रात्रीतून अनेक दुकानांच्या क्यूआर कोडवर दुसरेच कोड चिकटवले गेले. गिऱ्हाइकं प्रामाणिकपणे पैसे देत राहिली, पण जमा होत राहिले ते भलत्याच्याच खात्यात. फसवणारा दुकानात पाऊलही टाकत नाही, आणि चोरीचा संशय येतो तो बिचाऱ्या प्रामाणिक गिऱ्हाइकावर. ‘मी दिले’ हेही खरं आणि ‘मला मिळाले नाहीत’ हेही खरं, अशा भांडणात वर्षानुवर्षांची ओळख तुटते.

या दोन्ही तऱ्हांवर ती डबी, साउंडबॉक्स, एकच उतारा देते. तिच्या पोटात सिमकार्ड असतं. गिऱ्हाइकाच्या बँकेतून पैसे निघून दुकानदाराच्या खात्याकडे पोचल्याची नोंद झाली, की कंपनीच्या सर्व्हरवरून मोबाइल नेटवर्कनं संदेश थेट डबीत येतो आणि ती बोलते. या सगळ्या वाटेत गिऱ्हाइकाचा फोन कुठेच येत नाही. पडद्यावर त्यानं काहीही दाखवलं तरी डबीला त्याचं सोयरसुतक नाही. चुकीचा कोड चिकटवलेला असेल, तर डबी गप्प राहते आणि पहिल्या-दुसऱ्या गिऱ्हाइकालाच घोटाळा उघड होतो. हेच सूत्र मला सर्वांत मोलाचं वाटतं: ज्यानं द्यायचं आहे, त्याच्याच हातातून दिल्याचा पुरावा घेऊ नये. पुराव्याची वाट वेगळी असावी.

एक छोटी गोष्ट अगदी जवळून बघण्यासारखी आहे. दीडशे रुपयांचं सामान घेतलेला पोरगा घाईत पंधरा टाकतो. शून्य राहून जातं. डबी म्हणते, पंधरा रुपये मिळाले. दुकानदाराला काही बोलावं लागत नाही, पोरगा स्वतःच जीभ चावतो आणि उरलेले एकशे पस्तीस टाकतो. ती चूक होती की लबाडी, हे कुणी विचारलं नाही, विचारायची गरजही पडली नाही. आरोप न करता चूक दुरुस्त झाली. आणि नेटवर्क अडखळलं, की प्रश्न उलट्या बाजूनं येतो, गिऱ्हाईकच काळजीनं विचारतं, “पैसा उनात का भो?” दुकानदार म्हणतो, “आजून आवाज नई उना, दादा.” दोघंही डबीकडे बघत थांबतात. एकमेकांकडे संशयानं बघण्यापेक्षा दोघांनी मिळून तिसरीकडे बघणं कितीतरी बरं.

या डबीनं आणखी एक काम केलं आहे, ज्याची फारशी चर्चा होत नाही. खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ दुकानांचं खातं मुलाच्या फोनला जोडलेलं असतं, आणि मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात किंवा सुरतेला. गल्ल्यावर असते आई, नाहीतर म्हातारे आबा. पूर्वी दर व्यवहाराला मुलाला फोन करून ‘आले का रे’ असं विचारावं लागे, किंवा डोळे मिटून विश्वास टाकावा लागे. आता आईला ऐकू येतं. अक्षरओळख कमी असलेल्या बाईच्या हाती तंत्रज्ञानानं प्रत्यक्ष सत्ता दिल्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

डबीला मर्यादा आहेत. बॅटरी उतरते, बाजाराच्या दिवशी नेटवर्क कोंडतं, दरमहा भाडं पडतं. म्हणून वरच्या पातळीवरही नियम बदलावे लागले. ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपवर पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नावच दिसलं पाहिजे, असा राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाचा दंडक आहे. मनाला येईल ते नाव लावून गिऱ्हाइकाची दिशाभूल करता येऊ नये हा हेतू. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची सोयही बंद झाली, कारण ‘पैसे मिळण्यासाठी पिन टाका’ असं सांगून लोकांना लुबाडण्याचा तो राजमार्ग झाला होता.

आता हाच प्रश्न परदेशातल्या मोठ्या दुकानांनी कसा हाताळला ते बघू. तिथे पैशांआधी मालाचा प्रश्न आला. मालाला गिऱ्हाइकाचा हात लागू द्यायचा की नाही, इथून सगळं सुरू होतं. आपल्या किराणा दुकानात मधे फळी असते. माल फळीच्या आत, गिऱ्हाईक बाहेर. अमेरिकेतही तसंच होतं. १९१६ मध्ये मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्सनं ‘पिगली विगली’ नावाचं दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाला आत सोडलं. टोपली घ्या, मांडण्यांमधून फिरा, शेवटी गल्ल्यावर पैसे द्या. नोकर कमी लागले, भाव उतरले, धंदा फोफावला. पण माल खिशात घालायची वाटही मोकळी झाली. १९६० च्या दशकात ओहायोतल्या ॲक्रनमध्ये रोनाल्ड असाफ या माणसानं दुकानातून दारूच्या बाटल्या घेऊन पळालेल्या चोराच्या प्रसंगावरून कल्पना घेतली आणि मालाला लावायच्या खूणपट्ट्या काढल्या. ती पट्टी न काढता वस्तू दारातल्या खांबांमधून गेली की भोंगा वाजतो. आज कपड्यांच्या मोठ्या दुकानांत दिसतात ते खांब त्याच वंशातले. २६ जून १९७४ ला ओहायोतल्याच ट्रॉय गावी च्युइंगगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा दुकानात वाचला गेला. १९८० च्या दशकात फ्लॉरिडातल्या डेव्हिड हंबलच्या कंपनीनं बारकोडचं यंत्र गिऱ्हाइकाच्याच बाजूला वळवलं आणि सेल्फ-चेकआउट जन्माला आलं.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. गल्ल्यावरच्या माणसाचं काम संपलं नाही, ते गिऱ्हाइकावर आलं. बिनपगारी आणि बिनप्रशिक्षणाचं. त्यात चुका होणारच. बारकोड ओला असतो, दुमडलेला असतो, दोन वस्तू एकत्र सरकतात. काहींनी याचा फायदाही उठवला. महागडी फळं किंवा मांस वजनकाट्यावर ठेवायचं आणि पडद्यावर बटण दाबायचं केळ्याचं; ही युक्ती तिकडे केळ्याच्याच नावानं ओळखली जाते. लेस्टर विद्यापीठातल्या एड्रियन बेक आणि मॅट हॉपकिन्स यांनी गिऱ्हाइकानं स्वतः स्कॅन करण्याच्या पद्धतीतल्या सुमारे दहा लाख खरेद्यांचा अभ्यास केला, तेव्हा जवळजवळ ४ टक्के किमतीचा माल स्कॅन न होताच बाहेर गेल्याचं दिसलं. किराण्याच्या धंद्यात नफ्याची टक्केवारी मुळातच इतकी बारीक, की ४ टक्के म्हणजे कंबरडं मोडणं. बेक यांचा मुद्दा मला पटतो: अशी पद्धत चोराला सबब हातात देते. पकडला गेलाच, तर ‘यंत्रानं घेतलं नाही’ म्हणायची सोय. आणि ती सबब कित्येकदा खरीही असते, हीच खरी अडचण.

उपाय आले ते याच अडचणीशी झुंजत. पहिला वजनाचा. प्रत्येक वस्तूचं वजन यंत्राला आधी ठाऊक. स्कॅन झालेली वस्तू पिशवीच्या जागी ठेवली की वजन जुळलं पाहिजे. कल्पना चांगली, पण घरून आणलेली कापडी पिशवी ठेवली, लेकरानं कोपर टेकवलं, तरी यंत्र अडतं आणि मदतनीस येईपर्यंत सगळी रांग तुमच्याकडे बघते. दुसरा कॅमेऱ्याचा. वर लावलेला कॅमेरा हातातली वस्तू ओळखतो आणि ती बारकोडवरून न जाता पिशवीत गेली तर खूण करतो. आयर्लंडमधल्या कॉर्कची एव्हरसीन ही कंपनी यात अग्रेसर, आणि वॉलमार्टनंही असं तंत्र वापरलं. ब्रिटनच्या टेस्को दुकानांनी २०२५ मध्ये स्कॅन राहून गेल्यास ते काही क्षणांचं चित्रणच गिऱ्हाइकाला पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. लोकांनी फुटबॉलच्या पंचाची उपमा देत खिल्ली उडवली. मला मात्र यात धरणगावच्या डबीचाच गुण दिसतो. ‘हे बघा, राहून गेलं’ एवढंच सांगायचं आणि दुरुस्तीची संधी त्याच माणसाला द्यायची.

तिसरा उपाय रेडिओ लहरींवर चालणाऱ्या चिप-पट्टीचा. युनिक्लो, डेकॅथलॉनसारख्या दुकानांत कपडे टोपलीसकट खाचेत ठेवले की सगळ्यांची किंमत एकदम वाचली जाते. स्कॅन करायचंच नाही, तर चुकणार काय? पण ती पट्टी फुकट नाही. हजार-दोन हजारांच्या जॅकेटला तो खर्च दिसत नाही, पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याला ती लावणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय पातळ पदार्थ आणि धातूचे डबे त्या लहरींना अडथळा करतात. किराण्याचं अर्धं दुकान तेल, तूप आणि डब्यांचंच असतं.

सगळ्यात मोठा डाव ॲमेझॉननं टाकला. जानेवारी २०१८ मध्ये सिएटलला लोकांसाठी उघडलेल्या दुकानात गल्लाच नव्हता. छतावरचे कॅमेरे आणि मांडणीतले काटे मिळून कोणी काय उचललं ते ठरवत. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीनं आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ही पद्धत काढून घेतली. तिच्या मागे भारतात बसून चित्रणं तपासणारी माणसं होती हेही तेव्हा चर्चेत आलं. ती फक्त यंत्राला शिकवण्यासाठी आहेत, असं कंपनीचं म्हणणं. म्हणजे अमेरिकेतला गल्ल्यावरचा माणूस दिसेनासा झाला, तरी कुणीतरी नजर ठेवून होतंच, फक्त हजारो मैल दूर. दरम्यान उत्तर इंग्लंडच्या बूथ्स या साखळीनं २०२३ मध्ये आपल्या २८ पैकी दोन दुकानं सोडून बाकी सगळीकडची स्वयंचलित यंत्रं काढून टाकली आणि गल्ल्यावर माणसं परत बसवली. अमेरिकेच्या डॉलर जनरलनंही २०२४ मध्ये चोरीचा जास्त फटका बसणाऱ्या दुकानांतून ती हटवली.

आपल्याकडच्या मोठ्या दुकानांनी वेगळी वाट धरली. पिशव्या दाराशी जमा करून बिल्ला घ्यायचा, आत हवं ते उचलायचं, गल्ल्यावर माणसाकडून बिल करून घ्यायचं आणि बाहेर पडताना पहारेकऱ्याला बिल दाखवून शिक्का किंवा छेद मारून घ्यायचा. स्वस्त मनुष्यबळावर उभी असलेली ही रीत चालते खरी. पण सगळ्यांनाच दारात थांबवते. भरलेल्या ट्रॉलीवरून नजर फिरवून तो पहारेकरी नेमकं काय पडताळतो, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

आणि नजरेचा विषय निघाला, की धरणगावातच बोलावं असं काही आहे. १८२५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जेम्स आउटरमनं खानदेशातली भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगाव. ज्यांना लुटारू ठरवलं होतं, त्यांनाच बंदूक देऊन रस्त्यांच्या बंदोबस्ताला लावलं. पुढे १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अख्ख्या जमातीच जन्मानं चोर ठरवल्या. पारधी, कंजारभाट आणि इतर किती तरी. हजेरी लावा, गाव सोडू नका, चोरी झाली की आधी तुमच्या झोपडीत शोध. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण नजर गेली का? सातपुड्यातून कापूस वेचणीला आलेलं पावरा किंवा भिल्ल कुटुंब बाजाराला येतं, तेव्हा दुकानातल्या पोऱ्याची नजर कोणाच्या हातांमागे फिरते, हे बाजारात तासभर उभं राहिलेल्या कुणालाही दिसेल.

म्हणून चेहरा ओळखून चोर हेरणाऱ्या कॅमेऱ्यांची मला भीती वाटते. अमेरिकेत राइट एड या औषधांच्या दुकानसाखळीनं असे कॅमेरे लावले होते. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगानं पाच वर्षं चेहरा ओळखण्याच्या तंत्रावर तिला बंदी घातली. यंत्रानं चुकून ‘हा चोर’ म्हणून दाखवलेल्या माणसांमागे नोकर फिरले, झडत्या झाल्या. त्यात एक अकरा वर्षांची मुलगीही होती. कृष्णवर्णीय आणि आशियाई वस्तीच्या भागांत या चुका जास्त. जुनी नजर यंत्रात घातली, की यंत्रही तेच बघतं, आणि वर त्याला शास्त्राचा शिक्का मिळतो. वस्तूवर नजर ठेवणारा कॅमेरा आणि माणसावर नजर ठेवणारा कॅमेरा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिला राहून गेलेला साबण दाखवतो, तर दुसरा कुणाच्या तरी पोराला आयुष्यभर पुरेल असा अपमान देतो. खानदेशात उद्या कुणी दुकानदार असं यंत्र विकत घ्यायला निघाला, तर विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: हे काय बघतं, माल की माणूस?

किरकोळ चोरीबाबत कायद्यानं थोडी समज दाखवली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे; पण माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामाजिक सेवेची. दुकानातून उचललेल्या बहुतेक वस्तू या मर्यादेतच बसतात.

या सगळ्यात एक बाजू कायम विसरली जाते. फळीच्या आतून होणारी चोरी. धरणगावचा शेतकरी किराणा दुकानात गिऱ्हाईक असतो, पण दिवाळीच्या आगेमागे तो विक्रेता होतो. कापसाची खेडा खरेदी सुरू होते, व्यापारी गाडी आणि काटा घेऊन थेट दारात येतो. वजन त्याच्या काट्यावर, आकडा त्याच्या वहीत, शेतकऱ्यानं फक्त मान डोलवायची. काट्यात फेरफार करून क्विंटलमागे किलो-दोन किलो मारल्याच्या तक्रारी खानदेशात दर हंगामाला ऐकू येतात. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. त्या भावानं क्विंटलमागे दोन किलो कमी भरले, तर वीस क्विंटलला ३,२४४ रुपये गेले. चाळीस रुपयांचा साबण खिशात घालणाऱ्या पोराला अख्खा बाजार चोर म्हणतो. हे तीन हजार ज्यानं नेले त्याला शेठ म्हणतात. हे मला सहन होत नाही.

इथेही दोष तोच आहे. ज्यानं द्यायचं, त्याच्याच हातात पुरावा. जाणते शेतकरी म्हणून गाडी आधी भुईकाट्यावर नेतात, रिकाम्या गाडीचं वजन, भरल्या गाडीचं वजन, दोन्हींची छापील पावती घेतात, आणि मग व्यापाऱ्याशी बोलतात. पण दहा-पंधरा क्विंटलवाल्या, स्वतःची गाडी नसलेल्या शेतकऱ्याला ते परवडत नाही. त्याच्यासाठी साउंडबॉक्सचंच तत्त्व वापरता येईल. काट्यावर गोणी ठेवली की वजनाची छापील चिठ्ठी तिथल्या तिथे निघावी, तोच आकडा सिमकार्डातून शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेशानं यावा आणि काट्यानं तो मोठ्यानं बोलून दाखवावा, अंगणात उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. छापणारे इलेक्ट्रॉनिक काटे आहेत, बोलणाऱ्या डब्या तर गल्लोगल्ली आहेत. दोन्ही एकत्र करणं हे फार मोठं संशोधन नव्हे. वैधमापनशास्त्र विभाग काट्यांची पडताळणी करून मोहोर लावतोच. खेडा खरेदीच्या काट्याला मोहोर देताना ही अट घालता येईल. सरकारी फाईल हलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी किंवा बाजार समितीनं असे चार-पाच काटे तयार करून घ्यावेत आणि येत्या वेचणीला जो व्यापारी ते वापरायला राजी होईल, त्याचं नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावं.